हजार बॅकलिंक, आणि वाचक सगळे ॲशबर्नचे

मराठीत वेबसाइट चालवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. शब्द बदलतात, कधी खाली कोर्सची फी असते, कधी 'गरजूंना पाठवा' असतं, मुद्दे मात्र तेच. सार असं: गूगलवर वर यायचं तर बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटींवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका, हव्यात, जितक्या जास्त तितकं वर. पाचशे डिरेक्टऱ्यांत, म्हणजे साइटींच्या याद्यांत, साइट नोंदवा. रोज वीस ठिकाणी कमेंट टाकून आपला पत्ता द्या. एकमेकांना लिंका द्या. डोमेन ऑथॉरिटी तीसच्या वर गेली की ट्रॅफिक, म्हणजे वाचक, आपोआप येतं. सुरुवातीला ट्रॅफिक विकत घ्या, म्हणजे गूगलला साइट चालती वाटते. आणि शेवटी, मराठीत कोण शोधतंय, इंग्रजीत लिहा.

परवा तो माझ्या मावसभावानं पाठवला. त्याला शेळीपालनावर साइट काढायचीय. "दादा, एवढं करू ना?" त्याला फोनवर जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं ते इथे नीट लिहितो.

माझी पात्रता एवढीच की यातलं बहुतेक सगळं मी करून बसलोय. वडील तलाठी होते. निवृत्तीनंतर त्यांनी सातबारा, आठ-अ, फेरफार यांतल्या शब्दांचे अर्थ वह्यांत लिहून काढले. त्या वह्यांची मी वेबसाइट केली. वाचक येईनात, म्हणून २,९९९ रुपयांचं हजार बॅकलिंकांचं पॅकेज घेतलं.

तर पहिला मुद्दा, जास्त लिंका म्हणजे वरचा नंबर. यात मुळाशी थोडं खरं आहे, म्हणून तर तो मरत नाही. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना पेजरँकची पद्धत मांडली, तिचा पाया लिंका हाच होता. एखाद्या शोधनिबंधाचा दाखला किती जण देतात यावरून त्याचं वजन ठरतं, तसंच पानाचं. पण त्या पहिल्या मांडणीतही लिंका नुसत्या मोजल्या जात नव्हत्या. लिंक देणाऱ्या पानाचं स्वतःचं वजन किती आणि ते किती जणांत वाटलं जातंय, हे दोन्ही हिशेबात होतं. एका पानावरून शंभर लिंका बाहेर जात असतील तर प्रत्येकीच्या पदरात त्या पानाच्या वजनाचा शंभरावा हिस्सा, त्यातूनही साधारण १५ टक्के वजा. वडिलांना हे समजावताना मी म्हटलं, दाखल्यावर गल्लीतल्या पाचशे जणांच्या सह्या आणल्या तरी राजपत्रित अधिकाऱ्याची एक सही लागते ती लागतेच. ते म्हणाले, "आणि जो दिसेल त्या कागदावर सही ठोकतो, त्याच्या सहीला तरी कोण विचारतो?" वजन वाटलं जातं ते नेमकं असंच.

माझ्या पॅकेजचा हिशेब एका एक्सेल फाइलमधून आला. हजार ओळी, प्रत्येक ओळीत एक पत्ता. मी पहिले पंचवीस उघडले. निम्मी पानं सापडलीच नाहीत. उरलेल्यांत एक रशियन भाषेतलं टायरचं पान होतं, एक कुठल्याशा शाळेची बेवारस पडलेली अभिप्राय-वही होती आणि एका पानावर नुसत्या लिंकाच होत्या, शेकड्यांनी. त्या गर्दीत, औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिरातींमध्ये, माझी 'पोटखराबा म्हणजे काय'. वडिलांना ते पान दाखवायची हिंमत झाली नाही.

बड्या कंपनीलाही हे पचत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानसाखळीची गोष्ट छापली. नाताळच्या हंगामात कपड्यांपासून चादरींपर्यंत नाना शोधांत ही कंपनी सगळ्यात वर होती. मागे पाहिलं तर तिच्या कपड्यांच्या पानाकडे येणाऱ्या लिंका कुठून? घोरण्यावरच्या, कुत्र्यांवरच्या, न्हाणीघरातल्या फरश्यांवरच्या साइटींवरून. गूगलनं हातानं कारवाई केली. प्रवासी बॅगांच्या एका शोधात संध्याकाळी सात वाजता पहिल्या नंबरवर असलेली कंपनी दोन तासांनी ७१व्या नंबरवर होती. कंपनीनं आपला काही संबंध नाही म्हणत सल्लागार संस्थेला घरी पाठवलं.

त्यानंतर २४ एप्रिल २०१२ला गूगलच्या शोधयंत्रणेत 'पेंग्विन' आलं, खास अशा लिंका पकडायला. सुरुवातीला त्यात साइट खाली ढकलली जायची. २०१६पासून ते मूळ यंत्रणेतच मुरलं आणि बनावट लिंका शिक्षेपेक्षा जास्त करून बाजूला काढल्या जाऊ लागल्या. म्हणजे माझ्या २,९९९ रुपयांनी नुकसानही झालं नाही आणि फायदाही. त्याच विक्रेत्याचा सहा महिन्यांनी फोन आला: तुमच्या साइटला 'विषारी बॅकलिंक' आहेत, काढून देऊ, १,९९९. माझी हसून पुरेवाट झाली.

लिंकांचं एकूण महत्त्वही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. २०१६ साली गूगलचा एक अधिकारी लिंकांना पहिल्या तीन घटकांत धरत होता. २०२३ साली गूगलच्याच गॅरी इलियेश यांनी जाहीर सांगितलं की लोक लिंकांना वाजवीपेक्षा जास्त महत्त्व देतात आणि पहिल्या तिनांत त्या केव्हाच नाहीत. महत्त्व संपलेलं नाही, तेही त्यांनी सांगितलंच. पण मेसेज लिहिणारा अजून २००३ सालातच राहतोय.

डिरेक्टऱ्यांचं तर सरळ आहे. एके काळी याहूची डिरेक्टरी होती, डीमॉझ होती. तिथे माणसं बसून साइट तपासायची, नाकारायची, म्हणून नाव लागलं तर किंमत होती. याहूची २०१४च्या अखेरीस बंद पडली, डीमॉझ मार्च २०१७ मध्ये. उरल्या त्या कुणालाही घेणाऱ्या. जी यादी कुणालाच नाही म्हणत नाही तिच्यात नाव असून उपयोग काय? अपवाद एकच: तुमचं खरोखरचं दुकान, दवाखाना, क्लास असेल तर गूगल मॅपवर नोंद जरूर करा. तिथे गिऱ्हाईक शोधतं.

कमेंटचा मुद्दा मला सगळ्यात खटकतो, कारण त्यात दुसऱ्याच्या अंगणात घाण आहे. 'खूप छान माहिती सर' आणि खाली कर्जाच्या साइटचा पत्ता. कमेंटमधल्या लिंकांना 'नोफॉलो', म्हणजे 'ही लिंक मोजू नका', ही खूण लावायची सोय गूगल, याहू आणि एमएसएन यांनी जानेवारी २००५ मध्येच आणली, ती याच कचऱ्याला कंटाळून. साइट बनवायचं वर्डप्रेस ही खूण आपोआप लावतं. इंग्रजी विकिपीडियानं २००७च्या जानेवारीपासून बाहेरच्या सगळ्या लिंकांना ती लावली. तेव्हा विकिपीडियाच्या लेखात गुपचूप आपला पत्ता चिकटवून येणाऱ्यांनीही श्रम वाचवावेत. कमेंट मात्र करा. म्हणायला काही असेल तर करा आणि पत्ता न देता करा. माणूस आवडला तर लोक त्याची साइट शोधत येतात, हे मी पाहिलंय.

'तू माझी लिंक दे, मी तुझी देतो' याबद्दल लांबण लावत नाही. दोन ओळखीच्या साइटींनी एकमेकींचा उल्लेख केला तर कुणाचं काही जात नाही. पण ग्रुप काढून साठ जणांनी साठ जणांना लिंक द्यायची, शेळीपालनवाल्यानं राशिभविष्याला आणि राशिभविष्यानं मोबाइल रिपेअरला, हे गूगलच्या नियमांत नाव घेऊन मना आहे, आणि ओळखायलाही सोपं. भिशी चालते कारण त्यात खरे पैसे फिरतात. इथे फिरवायला कुणाकडेच काही नसतं.

डोमेन ऑथॉरिटी. साइट शोधात किती वर येईल याचा अंदाज सांगणारा हा १ ते १०० मधला आकडा मॉझ नावाच्या खासगी कंपनीचा आहे. एचरेफ्स या दुसऱ्या कंपनीचा वेगळा आहे. गूगलचा यातला एकही नाही. गूगल स्वतःचा पेजरँक पूर्वी ब्राउझरच्या पट्टीत दाखवायचं, तेही २०१६ मध्ये बंद झालं. दोन साइटींची ढोबळ तुलना करायला हे आकडे ठीक. पण आकडा वाढला म्हणून ट्रॅफिक येतं असं म्हणणं म्हणजे थर्मामीटर उन्हात धरून ताप आला म्हणण्यासारखं.

आता विकतचं ट्रॅफिक. हेही केलं, नाही असं नाही. पॅकेजबरोबर 'पाच हजार व्हिजिटर फ्री' होते. एका मंगळवारी ॲनालिटिक्समधला, म्हणजे साइटवर किती जण कुठून आले ते दाखवणाऱ्या गूगलच्या सोयीतला, आलेख भिंतीसारखा उभा राहिला. मी आईला हाक मारून दाखवला. मग शहरांची यादी उघडली. सातारा नाही, सांगली नाही, पुणे नाही. सगळ्यात वर ॲशबर्न. नकाशात शोधलं: अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं गाव, डेटा सेंटरांची, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या इमारतींची, जगातली सगळ्यात दाट वस्ती तिथे आहे. म्हणजे माझ्या वडिलांच्या 'इतर अधिकार' या टिपणावर तिथले सर्व्हर तुटून पडले होते, प्रत्येकी शून्य सेकंद.

यावर मेसेजवाल्यांचं उत्तर तयार असतं: गूगल क्लिक मोजतं, खटल्यात सिद्ध झालंय. अर्धं बरोबर. अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात २०२३ साली गूगलच्या पांडू नायक यांनी साक्ष दिली, आणि शोधनिकालांवर लोक काय क्लिक करतात ते क्रमवारीत वापरलं जातं हे त्यातून उघड झालं. पण ते क्लिक गूगलच्या निकालांवरचे. विकतचे पाहुणे तिथून येतच नाहीत, ते थेट तुमच्या पानावर आदळतात. शिवाय साइटवर गूगलच्या ॲडसेन्समार्फत येणाऱ्या जाहिराती असतील तर हा खेळ महागात पडतो. असं ट्रॅफिक 'अवैध' धरून कमाई कापतात, खातंही बंद करतात.

राहिला मराठीचा मुद्दा, आणि इथे माझा आवाज थोडा चढतो. मराठीत कोणी शोधत नाही हे मीही दोन वर्षं मानत होतो. खरं कारण लाजिरवाणं निघालं. वडिलांच्या वह्या मी डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या होत्या, यूनिकोड (सगळ्या संगणकांना सारखी कळणारी अक्षरपद्धत) येण्याआधीच्या पद्धतीच्या फाँटमध्ये. त्यात मराठी आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. माझ्या संगणकावर 'फेरफार' दिसायचं, गूगलला मात्र रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. उरलेली पानं मी स्कॅन करून फोटो म्हणून लावली होती. मराठी वृत्तपत्रांच्या साइटींचंही एके काळी हेच होतं. मजकूर होता, पण शोधणाऱ्याला तो नव्हताच.

सगळं यूनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं, रात्री जागून. मग गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, जे फुकट आहे आणि लोक नेमक्या कोणत्या शब्दांनी आले ते दाखवतं, ओळी दिसू लागल्या. 'पोटखराबा म्हणजे काय.' 'आठ अ उतारा कसा वाचावा.' अर्धे लोक हेच मराठी प्रश्न रोमन लिपीत टाइप करतात, गूगलला ते बऱ्यापैकी कळतं. मी फक्त मथळे लोकांच्या प्रश्नांसारखे केले. 'महसुली परिभाषा: एक दृष्टिक्षेप' असं मथळ्याचं पान कोण शोधणार होतं?

आणि लिंका आल्या त्या एका गुणाकारामुळे. हेक्टर म्हणजे शंभर आर. आर आणि गुंठा जवळपास सारखे, म्हणून बहुतेक ठिकाणी 'एक हेक्टर म्हणजे शंभर गुंठे' असंच छापलेलं असतं. पण गुंठा १,०८९ चौरस फुटांचा आणि आर १,०७६च्या आसपास. म्हणजे हेक्टरात गुंठे भरतात ९८.८४. फरक बाराशे चौरस फुटांहून जास्त. वाटणीत तेवढ्यावर सख्खे भाऊ बोलायचे थांबतात, असं वडील सांगतात. मी तो हिशेब पायऱ्यापायऱ्यांनी मांडून ठेवला. एका वकिलांनी त्यांच्या लेखात त्याची लिंक दिली, मग कृषीच्या एका विद्यार्थ्यानं, मग कुणी कुणी. मी कुणालाच मागितली नव्हती. व्हॉट्सॲपवर तर ते पान किती फिरलं देव जाणे. तिथली लिंक गूगल मोजत नाही, ॲनालिटिक्समध्येही असे वाचक बहुधा 'डायरेक्ट' म्हणूनच दिसतात, पण ती माणसं असतात आणि पान शेवटपर्यंत वाचतात.

एका निवृत्त मंडळ अधिकाऱ्यांनी मेल करून कान उपटला. पोटखराब्याचा वर्ग 'अ' म्हणजे खडक, नाले वगैरेंमुळे लागवड होत नाही ती जमीन, आणि 'ब' म्हणजे रस्ते, कालवे अशा सार्वजनिक कामांसाठीची. माझ्या पानावर उलटं होतं. वडिलांची वही काढली, तिच्यात बरोबर. चूक टाइप करताना माझी. दुरुस्त केलं, खाली त्यांचे आभार लिहिले. महिन्याभरानं त्यांच्या स्वतःच्या साइटवर माझ्या पानाची लिंक होती.

मावसभावाला विचारलं, तुझ्याकडे असं काय आहे जे इतर शेळीपालनवाल्यांकडे नाही? थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, तीन वर्षांच्या नोंदी आहेत. प्रत्येक उस्मानाबादी शेळीचं वेत कधी झालं, करडं किती, वजनं किती, चारा काय दिला. पण डायरीत आहेत आणि अक्षर वाईट आहे, फोटो काढून टाकू का?

म्हटलं, फोटो नको. टाइप कर.