बोटीपेक्षा जाहिरात मोठी हवी

गोव्यात पर्यटकांना फिरवायला तुमच्याकडे होडी आहे, इंजिन आहे, तांडेल आहे, डिसेंबर तोंडावर आलाय, आणि तरी फोन वाजत नाही. याला होडी जबाबदार नाही, तुमचा खरेपणा जबाबदार आहे. मागच्या मोसमात तुम्ही ऑनलाइन लिहिलं होतंत : 'फायबरची होडी, आठ माणसं, बेतीहून सुटते, वर ताडपत्री.' अहो, ही काय पोलिसांत द्यायची वर्दी आहे?

आधी फोटो. तो नेहमी मावळतीकडे तोंड करून काढावा. उजेड मागून आला की होडी नुसती काळी दिसते, आणि काळ्या आकृतीला ना गंज असतो ना चिकटवलेली भेग. मांडवीत काढत असाल तर कॅसिनोची जहाजं कापा, अटल सेतू कापा, मळिम जेटीवरचे ट्रॉलर तर कापाच. मग उरलेलं पाणी निळं करा. पाऊस ओसरला तरी नदी बरेच दिवस तांबूस वाहते हे पणजीकराला ठाऊक असतं, पण पणजीकर तुमचं गिऱ्हाईक नव्हेच. त्याला पाण्यावरून जायचंच झालं तर तो रायबंदरला फेरीबोटीत चढून चोडणला उतरतो आणि वाटेत वर्तमानपत्र वाचतो.

आता डॉल्फिन. यावर हात आखडता घेऊ नका, गोव्यातली निम्मी बोट-भाडी डॉल्फिनच्या जिवावर चालतात असं माझं प्रामाणिक मत आहे. आपल्या किनाऱ्यालगत, शिकेरी-आग्वादच्या बाजूला, दिसतो तो करड्या रंगाचा हंपबॅक जातीचा डॉल्फिन. बुजरा प्राणी. वर येतो, पाठीचा उंचवटा आणि पंख दाखवतो, श्वास घेतो, जातो. फोटोत हे अगदीच पडेल दिसतं. तेव्हा सूर्यबिंबावरून कमान टाकणारा कुठल्यातरी परदेशी समुद्रातला डॉल्फिन उचला. खाली बिनधास्त लिहा, 'डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत.' दिसला की नाही हे ठरवायचा अधिकार तांडेलाचा. त्याने हात लांब करून 'तो पळे, तो पळे' म्हणायचं, म्हणजे कोकणीत 'तो बघ, तो बघ'. सगळ्यांच्या माना वळेपर्यंत तिथे लाटच असणार. पैसे भरलेला माणूस आपल्याला काही दिसलं नाही हे बायकोसमोर सहसा कबूल करत नाही. एका डॉल्फिनमागे आठ-दहा बोटी इंजिनं फुगवत धावल्या की ते जनावर खोल जातं, हे खरं. त्याला 'थरारक पाठलाग' असं नाव द्या आणि दर वाढवा.

ठिकाणाचा प्रश्न सोपा आहे. होडी उत्तरेत शापोऱ्याला बांधलेली असो की पार दक्षिणेत बेतूलला, ती 'बागा बीचपासून जवळ'च असते. दिल्लीहून पाहिलं तर सगळा गोवाच बाग्याजवळ आहे. कुंभारजुव्याच्या कालव्यात फिरवत असाल तर 'मगरी जवळून पाहा' आणि 'मनसोक्त डुंबा' ही दोन्ही आकर्षणं जरूर लिहा, फक्त एकाच परिच्छेदात नकोत.

भर समुद्रात इंजिन बंद पडण्याची भीती वाटते? 'रिव्हर प्रिन्सेस' आठवा. खनिज वाहणारं ते अवाढव्य जहाज जून २००० मध्ये कांदोळीच्या रेतीत रुतलं आणि तिथून पुरतं निघायला २०१२ उजाडलं. मधल्या काळात निविदा आल्या, निविदा गेल्या, आणि पर्यटक पुढ्यात उभे राहून फोटो काढत राहिले. त्यापुढे तुमचा पाऊण तास म्हणजे काय? 'निवांत पाण्यात नांगरून घालवलेले क्षण' असं आधीच छापून ठेवा, म्हणजे कोणाला तक्रार करता येणार नाही.

माणसं किती, हा आकडा मात्र कुठेही लिहू नये. तो बंदर कप्तान खात्याच्या कागदावर असतो, तिथेच शोभतो. आपण 'मोठ्या कुटुंबांसाठी आदर्श' एवढंच म्हणायचं. कुटुंब किती मोठं हे त्यांनी ठरवावं, जागा आपण करतो. लाइफ जॅकेटांचा फोटो हवा. नवीकोरी, केशरी, ओळीने टांगलेली. टांगलेलीच ठेवा, गाठी सोडण्यात एक फेरी बुडते. मुलांच्या मापाची आहेत का, असं एखादी आई विचारते. तिला सांगा, मुलं आईच्या मांडीवर बसतात, मांडीसारखं सुरक्षित काही नाही. २०२४ च्या नाताळच्या दिवशी कळंगुटला पर्यटकांची बोट उलटली आणि एक माणूस जिवानिशी गेला. असं काही घडलं की 'सुरक्षित' हा शब्द ठळक अक्षरांत टाकावा. शब्द टाकायला परवाना लागत नाही, तपासणीही नाही.

दर '९९९ पासून' ठेवा. इंधन, जेटी, तांडेलाची बक्षिशी आणि परत किनाऱ्याला यायचे पैसे नंतर बघू.

जून लागला की खारवी मंडळी होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असतेच, पण बंदी नसती तरी शहाणा माणूस त्या दिवसांत आग्वादच्या मुखाशी रेतीच्या पट्ट्यावर फुटणाऱ्या लाटांच्या वाटेला गेला नसता. ज्यांच्या पिढ्या समुद्रावर गेल्या ते घरी बसले, म्हणजे तुम्हाला स्पर्धा उरली नाही! 'मान्सून स्पेशल, जोडप्यांना सवलत' टाका.

एवढं सगळं केलंत तरी एखादा फोन वेगळा येतो. समोरचा विचारतो, नोंदणी क्रमांक काय, कितीजणांची परवानगी, त्या दिवशी ओहोटी किती वाजता, तांडेलाचं लायसन कुठलं. हा हमखास इथलाच, म्हापशाचा नाहीतर मडगावचा निघतो. आवाज गोड ठेवा आणि म्हणा, "बाब, त्या दिवशी बोट फुल्ल आहे हो." त्याने दुसरा दिवस सुचवला तर त्याही दिवशी.