रुंदी विचारली, शून्य मिळालं!

स्क्रीन आत्ता किती रुंद आहे, एवढंच माझ्या अ‍ॅपच्या कोडमधून फोनला विचारतोय. एवढंच! तरी दर वेळी वेगळं उत्तर का?

अँड्रॉइडच्या ऑनक्रिएटमध्ये, म्हणजे अ‍ॅपचं पान तयार होत असतानाच, व्ह्यूची (पानावरच्या एखाद्या घटकाची) रुंदी मागितली तर शून्य, कारण पानाची मांडणी, म्हणजे लेआउट, अजून झालेलीच नाही. फोन वळताना मागितली तर जुनीच, उभ्या फोनची. वळून झाल्यावर मागावी, तर तोवर बटणं स्क्रीनबाहेर! आयफोनवर २०१४ मध्ये आयओएस ८ येईपर्यंत फोन आडवा धरला तरी स्क्रीनची मापं उभ्याचीच यायची. मग ती फोनबरोबर फिरायला लागली, आणि आम्ही हाताने केलेली रुंदी-उंचीची अदलाबदल उलटी आमच्याच अंगावर आली. अँड्रॉइडवर स्क्रीनचं माप देणारं गेटसाइझ अंगवळणी पडलं होतं. अँड्रॉइड ११ ला तेही मोडीत, आता त्याऐवजी अ‍ॅपच्या खिडकीचं माप देणारं विंडोमेट्रिक्स घ्या.

त्यात भर म्हणजे नॉच (कॅमेऱ्यासाठी स्क्रीनला पाडलेली खाच), घडीचे फोन, दोन अ‍ॅपमध्ये वाटलेली स्प्लिट स्क्रीन. फोन हातात उभा आणि माझ्या अ‍ॅपची खिडकी मात्र आडवी! मग ओरिएंटेशन, म्हणजे फोन उभा की आडवा, हे बघून काय ठरवायचं?

कालही तेच. फॉर्म अर्धा भरलेला, फोन वळला, ‘जतन करा’ बटण कीबोर्डखाली गडप. ते शोधत बसलेल्या माणसाला मी काय सांगू?