सावध कुणी राहायचं?

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ऑनलाइन फसवणुकीत कुणाचे पैसे गेल्याची बातमी आली की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: 'एवढा शिकलेला माणूस, लिंकवर क्लिक केलंच कसं?' मध्यंतरी भारतात फोन लावला की कॉलरट्यूनमधून अमिताभ बच्चनही तेच बजावत होते. सल्ला चुकीचा मुळीच नाही. पण हा सगळा उपदेश वापरणाऱ्यालाच. ज्याने सॉफ्टवेअर बनवलं, विकलं आणि पैसे घेतले, तो या चर्चेत कुठेच नसतो.

मी जर्मनीत राहतो. इथे 27 नोव्हेंबर 2016 ला, नाताळाआधीच्या अॅडव्हेंट पर्वाच्या पहिल्याच रविवारी, डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले. इंटरनेट गेलं, फोन गेला, अनेकांचा टीव्हीही गेला. 'मिराई' या घातक प्रोग्रॅमची एक आवृत्ती इंटरनेटवरून राउटर शोधत फिरत होती आणि दुरून देखभाल करण्यासाठी ठेवलेल्या दारातून आत शिरायला बघत होती. त्या नऊ लाखांना कुठल्या लिंकवर क्लिक करावं लागलं नव्हतं, की कुणाला ओटीपी द्यावा लागला नव्हता. ऐंशी वर्षांच्या आजी असोत की संगणकाचे प्राध्यापक, सावधपणाचा इथे काही उपयोगच नव्हता. राउटरची वायर काढून पुन्हा लावा म्हणजे नवं सॉफ्टवेअर उतरेल, एवढंच कंपनी ग्राहकांना सांगू शकली.

अशा अनुभवांनंतर युरोपातल्या चर्चेची दिशा बदलत गेली. 2024 मध्ये युरोपीय संघाने 'सायबर रेझिलियन्स अॅक्ट' केला. डिसेंबर 2027 पासून इंटरनेटला जोडली जाणारी वस्तू विकायची, तर तिला साधारणपणे किमान पाच वर्षं सुरक्षा अपडेट, म्हणजे सापडलेली भोकं बुजवणारी ठिगळं, द्यावे लागतील. दंड दीड कोटी युरोपर्यंत किंवा जागतिक उलाढालीच्या अडीच टक्क्यांपर्यंत, यातलं जे जास्त ते. दुसऱ्या एका निर्देशाने सदोष उत्पादनाच्या भरपाईच्या नियमांत सॉफ्टवेअरलाही स्पष्टपणे 'उत्पादन' ठरवलं. म्हणजे मिक्सर आणि अॅप एकाच रांगेत. 'जसं आहे तसं घ्या, आमची जबाबदारी नाही' या कलमाखाली आपण सगळेच वर्षानुवर्षं न वाचता 'मान्य' दाबत आलोय. त्या कलमाला आता कुठे धक्का बसतोय. अर्थात, डिसेंबर 2027 उजाडेपर्यंत इथेही बराच भंगार माल खपेल.

गेल्या खेपेला सांगलीला काकांच्या घरी राउटर उलटा करून पाहिला. खालच्या चिठ्ठीवर युजरनेम 'अॅडमिन', आणि पासवर्डही 'अॅडमिन'. तो कुणी बदललेला नव्हता, बदलायचा असतो हे कुणी सांगितलंही नव्हतं. केबलवाल्याला विचारलं तर म्हणाला, 'चालू आहे ना साहेब? मग कशाला हात लावताय?' त्याचंही बरोबर आहे. त्याला महिन्याची वर्गणी गोळा करायची असते. काकांकडून मात्र अपेक्षा, की त्यांनी सत्तरीत फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, शिकावं.

विंडोज 10 चंच बघा. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. आणखी वर्षभर हवे असतील तर घरगुती ग्राहकाने 30 डॉलर भरावेत, रिवॉर्ड पॉइंट खर्चावेत, नाहीतर सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवाव्यात, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. ग्राहक संघटनांनी आवाज उठवला आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रापुरत्या (युरोपीय संघ आणि नॉर्वेसारखे काही शेजारी देश) या अटी गळाल्या, कंपनीचं खातं असलं की पुरे. भोक तेच, ठिगळही तेच. माझ्या संगणकाला ते जवळपास विनाअट, काकांच्या संगणकाला अटींवर.

हे पुण्यातल्या मित्राला ऐकवलं की तो उसळतो. 'तिकडे बसून बोलायला काय जातं रे? कोड म्हटलं की बग आलेच. प्रत्येक बगला दंड लावलास तर लहान कंपन्या दुकान बंद करतील, आणि स्वस्त फोन स्वस्त राहणार नाहीत.' पहिलं मला मान्य आहे. कुणालाच माहीत नसलेल्या दोषासाठी शिक्षा नकोच; पण दोष कळल्यावरही कंपनी हात बांधून बसली, तर? किमतीचा मुद्दा खरोखर अवघड आहे. पण ज्या स्वस्त फोनवर आता भाजीवालीचं सगळं खातं यूपीआयने चालतं, तो दीड वर्षात अपडेटविना सोडून देणं परवडतं कुणाला? गंमत म्हणजे हाच मित्र हिंजवडीत बसून युरोपच्या गिऱ्हाइकासाठी या नव्या कायद्याची तयारी करतोय. सॉफ्टवेअरमध्ये कुठले कुठले भाग वापरलेत त्याची यादी, अपडेट पोहोचवण्याची सोय, सगळं.

आपल्याकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहेच. त्यात सॉफ्टवेअरचा स्पष्ट उल्लेख आणावा, हे पुढचं काम. त्याआधी सोपं एक करता येईल. औषधाच्या पट्टीवर मुदत छापतात, तशी राउटरच्या आणि फोनच्या खोक्यावर, एमआरपीच्या शेजारी, सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख छापायची. अपडेटची मुदत जाहीर करणं ब्रिटनमध्ये एप्रिल 2024 पासून सक्तीचं आहे. एक तारीख छापून कुठल्या लहान कंपनीचं दिवाळं निघणार आहे, ते मित्राने अजून सांगितलेलं नाही.