गॅरेजमधलं दार

“दार बसलं कधी?” टॅक्सवाल्या काकांनी विचारलं.

“घेतलं डिसेंबरात.”

“घेतलं कधी ते नाही विचारत. बसलं कधी?”

“सहा जानेवारीला.”

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, लॅपटॉपकडे पाहिलं आणि म्हणाले, “गेले.” असा आवाज की मला वाटलं, महाराष्ट्र मंडळातलंच कुणीतरी गेलं.

गेले ते अडीचशे डॉलर. घरात ऊर्जा वाचवणारं काही बसवा, खर्चाच्या 30 टक्के टॅक्समधून वजा करू, असं अमेरिकेच्या सरकारने 2022 च्या कायद्यात लिहून दिलं होतं. घर गरम-गार करणाऱ्या हीट पंपाला दोन हजारांपर्यंत, खिडक्यांना सहाशे, एका दाराला फार तर अडीचशे. मुदत 2032 ची. 2032 म्हणजे माझी मुलगी कॉलेजात. मी निवांत. मग 2025 च्या 4 जुलैला, आम्ही इकडे न्यू जर्सीत कणसं भाजत असताना, तिकडे नव्या कायद्यावर सही झाली आणि मुदत 31 डिसेंबर 2025 वर आली. दहा वर्षांचं सांगून तीन वर्षांत गाशा गुंडाळला. घरमालकाने असं केलं असतं तर आपण त्याला कोर्टात खेचलं असतं.

“पण काका, पैसे भरलेत. पावती आहे. बावीस डिसेंबरपासून दार गॅरेजमध्ये उभं होतं!”

“गॅरेजमधलं दार हे दार नसतं. बसवून पूर्ण झालं की ते दार. तोवर फळी.”

यावर काय बोलणार? साडेअकराशे डॉलरची फळी.

मुळात हे दाराचं खूळ आईपायी. आई वाईची. लोक आईवडिलांना उन्हाळ्यात बोलावतात. ही हट्टाने ऑक्टोबरात आली, बर्फ बघायला. बर्फ पडायच्या आधीच स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून सोफ्यावर बसली आणि रोज एकच प्रश्न: “या घरात वारा येतो कुठून रे?” वाईला आमचं दार सकाळी सहाला उघडायचं ते रात्री जेवणं झाल्यावर कडी लागायची. मांजर, दूधवाला, शेजारच्या काकू, सगळे त्यातूनच. तिथे वाऱ्याचा हिशेब कुणी मागितला नाही. इथे हिशेबासाठी, घराची गळती मोजणारा माणूस बोलवावा लागला. चारशे डॉलर फी, तीही टॅक्समधून 30 टक्के सुटणारी. (ते एकशेवीस मिळाले. खोटं कशाला बोलू.)

तर हा माणूस नोव्हेंबरातल्या एका शनिवारी आला. पोरगेलासा, सोनेरी दाढी, पायांत मोज्यांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. पहिलं वाक्य बोलला, “गॅस बंद करा.” आईच्या पिठल्याची फोडणी नुकती पडली होती. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मीच त्याला हे शिकवून आणलंय. गॅस बंद झाला. मग त्याने आमचं पुढचं दार सताड उघडलं, चौकटीत लाल कापड ताणून बसवलं आणि कापडाच्या भोकात भलामोठा पंखा. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, आतबाहेरच्या हवेच्या दाबात 50 पास्कलचा फरक पाडतो, मग बाहेरचा वारा जिथे फट मिळेल तिथून आत घुसतो. चारी बाजूंनी ताशी वीस मैलांचा वारा सुटल्यासारखं, असं त्याने समजावलं. मी आईला समजावलं.

आई उठली. कापडाजवळ जाऊन उभी राहिली. “याला विचार, वारा येतो या दारातून. तेच दार यांनी उघडून कापडाने झाकलं. मग मोजतायत काय?”

मी भाषांतर केलं. पोरगा दाढी खाजवायला लागला. “ग्रेट क्वेश्चन, मॅम,” म्हणाला. या देशात ‘ग्रेट क्वेश्चन’ म्हणजे उत्तर नाही. मग त्याने कबूल केलं की ज्या दारात पंखा बसतो त्याची गळती मोजता येत नाही. आई म्हणाली, “चारशे डॉलर?” हे मी भाषांतरित केलं नाही.

पंखा सुरू झाला. घर घूं घूं करायला लागलं, माळ्याच्या झडपेतून धूळ पडली. पोरग्याने धूर सोडणारी एक कांडी काढली आणि खिडकीखिडकीशी धरत फिरू लागला. फट असेल तिथे धूर वाकडा होतो. आईने मिनिटभर पाहिलं, देव्हाऱ्यातून मोगऱ्याची उदबत्ती पेटवून आणली आणि त्याच्या मागोमाग निघाली. तो खिडकीशी, ही विजेच्या सॉकेटशी. तो वर, ही खाली. “इथून येतोय! इथून पण!” चिमणीपाशी दोघांची गाठ पडली तेव्हा तो तिला विचारत होता, ही स्टिक कुठे मिळते. इंडियन स्टोअरमध्ये, डॉलरला पुडा, आईने खुणेने सांगितलं. पुडाही देऊन टाकला. पिठलं मात्र गोळा झालं होतं, ते आम्ही तसंच खाल्लं.

अहवालात त्याने लिहिलं होतं, पुढच्या दाराची रबरपट्टी बदला. वीस डॉलरचं काम. पण मला अडीचशे दिसत होते ना. त्यासाठी मी साडेअकराशेचं दार घेतलं, प्रमाणपत्राचं लेबल तपासून, टॅक्सच्या फॉर्म 5695 वर लिहायला लागणारा उत्पादकाचा कोड शोधून. बसवणाऱ्याची मजुरी वेगळी, ती तर दाराच्या बाबतीत सवलतीच्या हिशेबातच धरत नव्हते. तो बसवणारा तेवीसला येणार होता. मग एकोणतीसला, ‘आठ ते पाचच्या दरम्यान’. मी रजा टाकून दाराकडे बघत बसलो. सहा जानेवारीला उगवला, वर हॅपी न्यू इयर म्हणाला.

आणि मी रडतोय अडीचशेला. माझ्या मित्राची नोकरी गेल्या वर्षी सुरुवातीलाच गेली, टॅक्सच निघत नाही, म्हणून त्याला या सवलतीतून शून्य. त्याच्या खिडक्या माझ्यापेक्षा जुन्या. ज्याच्याकडे आहे त्यालाच सूट, ही असली ऊर्जाबचत. काकांना हे म्हणालो तर ते म्हणाले, “कायदा मी केला का? सही करा इथे.” त्यांची फी मात्र वाढली होती.

घरी येऊन आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. उदबत्ती पेटवली, नव्या दाराशी खाली बसली आणि उंबऱ्यालगत धरली. धूर जरा वेळ सरळ वर गेला. मग आत, तिच्या पदराकडे वळला.

“जा,” ती म्हणाली, “ती जुनी सतरंजी गुंडाळून आण.”