मर्टलची थीम कोणीच ठेवत नाही

आज व्हॉट्सॲपवर एका ओळखीच्या जोडप्याच्या ॲनिव्हर्सरीचं आमंत्रण आलं. गॅट्सबी थीम! पिसं, मोत्यांच्या माळा, शॅम्पेनचे ग्लास आणि खाली सोनेरी अक्षरात 'डेझी आणि गॅट्सबीसारखं प्रेम'. अहो, डेझी दुसऱ्याची बायको असते! सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी १९२५ ची, गोष्ट १९२२ च्या उन्हाळ्यातली, अमेरिकेत दारूबंदी चालू आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर श्रीमंत गॅट्सबीच्या बंगल्यात पार्ट्यांना दारूचा पूर. दर शुक्रवारी संत्र्या-लिंबांची पाच खोकी यायची, सोमवारी मागच्या दाराने नुसत्या सालींचा ढीग बाहेर, आणि आठ नोकर दिवसभर पुसत, घासत, ठोकत बसायचे. हे सगळं त्याने लिहून ठेवलंय, आणि आपण त्यातून उचललं काय तर पिसं.

पण माझा खरा जीव तुटतो मर्टलसाठी. गॅरेजवाल्या विल्सनची बायको, राखेच्या ढिगाऱ्यांशेजारी राहणारी. डेझीचा नवरा टॉम तिला न्यूयॉर्कात फ्लॅटवर ठेवतो, कुत्र्याचं पिल्लू घेऊन देतो, आणि ती डेझीचं नाव घेत राहिली म्हणून एका फटक्यात तिचं नाक फोडतो. डेझीला लग्नाच्या आदल्या दिवशी साडेतीन लाख डॉलरचे मोती! लग्नाबाहेर तिघंही गेले ना? मग डेझीचं ते प्रेम, टॉमचं 'पुरुषांचं चालायचंच' आणि मर्टलचं तेवढं लफडं? शेवटी गाडीखाली मरते मर्टलच, आणि गाडी चालवत असते डेझी.

आमच्या चाळीत एक काकू होत्या. एका कॉन्ट्रॅक्टरबरोबर त्यांचं नाव जोडलं गेलं, खरं-खोटं देव जाणे. आई संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला मला घरोघरी पाठवायची आणि सांगायची, त्या दारावर थांबू नकोस. त्या दारातच तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या, मान वर करायच्या नाहीत. कॉन्ट्रॅक्टरच्या बायकोला मात्र मानाने बोलावणं.

डेझीही सुखात नव्हती, बरं, मान्य. आणि गॅट्सबीबद्दल तर मला वाईटच वाटतं, खरंच. एवढी माणसं त्याच्या घरी जेवली-प्यायली आणि अंत्ययात्रेला पावसात कोण, तर म्हातारा बाप, ही गोष्ट सांगणारा त्याचा शेजारी निक, थोडे नोकर, पोस्टमन आणि पार्टीला आलेला एक चष्मेवाला. एकाने तर आपले टेनिसचे बूट पाठवून द्या म्हणून फोन केला. पण गॅट्सबीला रडणारे वाचक शंभर वर्षं मिळतायत हो, मर्टलला कोण रडतं? आमच्या काकू चाळ सोडून गेल्या तेव्हा सामान उचलायलाही कोणी पुढे आलं नाही.

सगळ्यात संताप येतो तो शेवटी. गाडी गॅट्सबीची हे विल्सनला टॉमनेच सांगितलेलं, म्हणून विल्सन गॅट्सबीला मारतो आणि स्वतःही मरतो. मग ऑक्टोबरात टॉम निकला रस्त्यात भेटतो, फ्लॅटवर कुत्र्याच्या बिस्किटांचा डबा बघून मी लहान मुलासारखा रडलो म्हणतो. निक आधी हात मागे घेतो आणि नंतर देतो! आणि टॉम जातो दागिन्यांच्या दुकानात. कॉन्ट्रॅक्टर गणपतीत वर्गणीचं जाड पाकीट घेऊन आला की आरतीचं ताट आधी त्याच्या हातात, आणि हात मिळवायला सगळी चाळ पुढे, माझे बाबाही. बाबांवर माझा फार जीव होता, पण त्यांनी तो हात मिळवला याचा राग मला आजही येतो, आणि निकचाही येतो.