‘एक वास्तववादी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. भारतीय परराष्ट्र धोरणातल्या तीन विचारप्रवाहांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही ‘एक वास्तववादी’ या नावाने लिहिलेली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. त्याच क्षणी उत्तर द्यायला बसलो असतो तर वेडंवाकडं काही लिहून गेलो असतो, म्हणून दोन दिवस थांबलो.

आधी माझी चूक. भारत आणि चीन यांच्यातला तिबेटसंबंधीचा पंचशील करार मी १९५५ सालचा म्हटला होता. तो २९ एप्रिल १९५४ चा. १९५५ साली आशियाई-आफ्रिकी देशांची बांडुंग परिषद झाली, आणि माझ्याकडून दोन्हींची गल्लत झाली. लेखात दुरुस्ती केली आहे, तुमचे आभार.

पण चूक दाखवायचीही एक रीत असते. ‘ज्यांना सनावळी धड येत नाही ते आम्हाला परराष्ट्र धोरण शिकवणार’ हे वाक्य न लिहिताही तारीख दुरुस्त करता आली असती. ‘नेहरूंची आरती’, ‘दिवाणखान्यातले विचारवंत’ हेही तसंच. अकरा वर्षं लिहितोय, शिव्या नवीन नाहीत. तुमचं वाचन दांडगं आहे हे प्रतिक्रियेत दिसतं, म्हणून जास्त लागलं.

आता ज्या वाक्यासाठी मी हे लिहायला घेतलं ते, तेव्हाचे परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल यांच्याबद्दलचं. ‘१९९० साली बगदादला जाऊन सद्दामला मिठी मारणाऱ्या गुजरालांचं समर्थन करताना लाज कशी वाटत नाही?’

नाही वाटत. का ते सांगतो.

माझे वडील तेव्हा कुवेतमध्ये एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते. २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा मी आठवीत होतो, खेड तालुक्यातल्या आमच्या गावी. पत्रं बंद झाली. पोस्टमन आमच्या दारावरून मान खाली घालून पुढे जायचा. सात आठवडे आम्हाला माणूस जिवंत आहे की नाही हेही कळलं नाही. वडिलांचा पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत, आणि मालक देश सोडून पळालेला. वकिलातीने दिलेल्या एका कागदावर ते बसने बसरा, बगदाद असं करत जॉर्डनच्या सीमेवरच्या तंबूंपर्यंत पोचले, तिथून अम्मान आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. ते एसटीतून उतरले तेव्हा हातात एकच बॅग होती. आईने ती ओटीवर झटकली तर शिवणीतून वाळू पडत राहिली. आत काही कुवेती दिनार होते, जे इथे कुणी बदलून देईना. ते अजून आईच्या ट्रंकेत आहेत.

त्या दोन महिन्यांत एअर इंडियाची ४८८ उड्डाणं झाली आणि लाखाच्या वर माणसं परत आली. कुवेतमधले बहुतेक भारतीय इराकच्या ताब्यातल्या रस्त्यांवरूनच बाहेर पडले. तो रस्ता सद्दामने मनात आणलं असतं तर एका शब्दात बंद झाला असता. परराष्ट्रमंत्री म्हणून गुजराल त्याला भेटायला गेले ते या माणसांसाठी. फोटो वाईट दिसला, मान्य. पण ज्यांची माणसं तिकडे अडकली होती त्यांना फोटोची काळजी नव्हती. तुमच्या घरचं कुणी तिथे असतं तर हा प्रश्न तुम्ही याच शब्दांत विचारला असता का?

आणि तुम्ही तर स्वतःला वास्तववादी म्हणवता. राष्ट्रहित आधी, भावना नंतर, हेच ना तुमचं सूत्र? मग पावणेदोन लाख नागरिक आणि त्या दोन देशांतून येणारं तेल हे हित नाही तर काय आहे? तेल भडकलं आणि पुढच्याच वर्षी आपली परकीय चलनाची गंगाजळी कुठवर आटली ते तुम्हाला मी सांगायला नको. माझ्या लेखाचा मुद्दा नेमका हाच होता. नेहरूवादी (संवाद आणि सामंजस्यावर भर देणारे), नवउदारमतवादी (व्यापार आणि आर्थिक हिताला महत्त्व देणारे) आणि अतिवास्तववादी (लष्करी बळ प्रमाण मानणारे) ही आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक कांती बाजपेयी यांची वाटणी विचार समजून घ्यायला उपयोगी आहे, पण सरकारं तिच्या एकाच कप्प्यात राहत नाहीत. ज्या गुजरालांना तुम्ही भाबडे म्हणता, तेच १९९६ साली परराष्ट्रमंत्री असताना भारताने अण्वस्त्र चाचणीबंदी कराराला जिनिव्हात नकार दिला. त्याच वर्षी बांगलादेशाशी गंगेच्या पाण्याचा करार झाला, पुढे ‘गुजराल सिद्धांत’ म्हणून ओळखल्या गेलेल्या उदार शेजारधर्माला धरून. एकच माणूस, एकच वर्ष. सांगा कुठल्या कप्प्यात टाकायचं? बगदाद भेटीनंतर सहा महिन्यांच्या आत चंद्रशेखर सरकारने आखाती युद्धाच्या वेळी अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईत इंधन भरू दिलं, हेही लेखात होतं. तुम्ही तिथवर वाचलंत की नाही, शंका आहे.

कुवेत दुखावलं गेलं हे तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. आक्रमणाचा निषेध आपण अधिक स्पष्ट करायला हवा होता, असं म्हणणारे तेव्हाही होते. पण माणसं तिथे अडकलेली असताना तो किती मोठ्याने करायचा, हे ठरवणं खुर्चीत बसून सोपं आहे. खुर्ची हा शब्द तुमचाच.

नवउदारमतवादाला मी चारच ओळी दिल्या, २०१४ नंतरचं काही लिहिलं नाही, १९६२ घाईत उरकलं, या तक्रारींना प्रत्येकी उत्तर देत नाही. एका लेखात सगळं येत नाही. सरदार पटेलांचं ७ नोव्हेंबर १९५० चं नेहरूंना लिहिलेलं पत्र ‘वाचलंय तरी का’ असं विचारलंत. वाचलंय, अनेकदा. त्यात चीनच्या धोक्याबद्दल जे लिहिलं होतं ते खरं ठरलं, हे मी कधी नाकारलेलं नाही. माझ्या जुन्या लेखांत शोधलंत तर सापडेल, शोधायची तयारी असेल तर.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. वडील आता ऐंशीचे आहेत. काल त्यांना ती वाचून दाखवली. त्यांनी सगळी ऐकली आणि विचारलं, ‘हे गृहस्थ तेव्हा कुठे होते?’ तोच प्रश्न मी तुम्हाला विचारतो. पुढच्या वेळी नावानिशी लिहिलंत तर बरं वाटेल.