सायकल कमी, खाणं जास्त? मान्य!

‘थंडीत सायकल ग्रुप पेडल कमी आणि पोह्यांवर ताव जास्त मारतात’ हा थंडीतल्या सायकलिंगवरच्या लेखातला टोमणा आमच्या पुण्यातल्या टोळक्याला अगदी लागू. डिसेंबरात पहाटे ५.३० ला स्वारगेटहून निघायचं. खडकवासल्याला पोचेपर्यंत बोटं इतकी बधिर की ब्रेकही नीट दाबता येत नाही. (हातमोजे घ्या हो, मी दोन हिवाळे उगाच शहाणपणा केला.) पुढे डोणजे आणि सिंहगडाचा घाट. निम्मे चढतात, उरलेले पायथ्याला पिठलं-भाकरीची ‘व्यवस्था बघतात’. मी दुसऱ्या गटातला. जानेवारीत मात्र कुणीच गळत नाही, कारण तेव्हा शेतावर हुरडा असतो! गरम हुरडा, लसणाची चटणी, दही. मग भरल्या पोटी, समोरून वारा खात परतीचे ते किलोमीटर... त्याबद्दल लेखात एक ओळही नाही?